दहाच्या काट्याकडे बघा

हात समोर लांब करा, अंगठा उभा धरा आणि त्याच्या नखाकडे बघा. या घडीला तुम्हाला खरोखर लख्ख दिसतंय ते जेमतेम त्या नखाएवढं आहे. खोटं वाटत असेल तर नजर नखावरून न हलवता मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा. तारखांचे चौकोन आहेत एवढं कळेल. एकादशी कधी आहे ते कळायचं नाही. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध दीडेक मिलिमीटरचा एक खळगा असतो आणि सगळं बारीक काम तिथं चालतं. हा तुकडा अख्ख्या पडद्याच्या एक टक्कासुद्धा नाही, पण मेंदूतल्या पाहण्याच्या मुख्य भागातली जवळपास निम्मी जागा त्याच्या दिमतीला असते. आपल्याला सगळी खोली स्पष्ट दिसते असं वाटतं, कारण डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत तो नखाएवढा तुकडा सगळीकडे फिरवत राहतात आणि मेंदू ती ठिगळं बेमालूम शिवत जातो.

आता तेवढं नखच गेलं तर?

उतारवयात पडद्याचा हा मधला भाग झिजतो त्या आजारात हेच होतं. माझ्या मावशीला तो झाला. दारात उभा राहिलेला स्वतःचा मुलगा तिला आवाज ऐकल्याशिवाय ओळखू येईना, आणि त्याच दुपारी फरशीवर पडलेली टाचणी मात्र तिनं वाकून उचलली. घरात कुजबुज झालीच: ‘सोयीनं दिसतं हिला.’ खरं तर त्यात काहीच विपरीत नव्हतं. टाचणी कडेच्या नजरेत पडली, कडेची नजर शाबूत होती. चेहरा मात्र आपण निरखून बघायला जातो, म्हणजे नेमका त्या गेलेल्या नखाखाली आणतो. जितकं टक लावून बघावं तितकं ते माणूस पुसलं जातं.

डॉक्टरांनी तपासलं, चित्रं काढली, दोन्ही डोळ्यांबद्दल नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, ‘आता यावर करण्यासारखं काही नाही.’ पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. औषध आणि शस्त्रक्रिया एवढ्यापुरतं ते वाक्य अगदी खरं होतं. पण ते ऐकल्यावर पुढचं काहीही कानात शिरत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला एक खोली होती. ती असल्याचं आम्हाला चार महिन्यांनी कळलं, तेही रिक्षा स्टँडवर भेटलेल्या एका गृहस्थांकडून.

खोलीत यंत्रं फारशी नव्हती. मानेतून वळणारा टेबललॅम्प, ट्रेमध्ये मांडलेली भिंगं, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, एक कप, एक थाळी. तिशीतली एक बाई समोर बसली आणि म्हणाली, ‘आजी, माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?’

‘काही नाही. धूर.’

‘बरं. आता समजा, माझ्या तोंडाभोवती घड्याळ आहे. मान हलवू नका, फक्त नजर बाराकडे न्या. आता एककडे. दोन.’ असं करत करत ती पुढे गेली. सहा झाले, आठ झाले. ‘आता दहाच्या काट्याकडे बघा.’

मावशी थबकली. मग म्हणाली, ‘अगं, तू चष्मा लावतेस होय!’

चार महिन्यांत तिनं पाहिलेला तो पहिला चेहरा. तो बघायला तिला चेहऱ्याकडे बघणं सोडावं लागलं.

मला वाटलं होतं, ही काहीतरी युक्ती असेल, दिलाशापुरती. पण यामागे मेंदूची एक थक्क करणारी लवचीकता आहे. मधला भाग निकामी झाला की त्याच्या काठावरची, अजून शाबूत असलेली एखादी जागा नवा मध्य म्हणून वापरता येते. काहींचा मेंदू ती आपसूक शोधतो, काहींना अशी घड्याळावरून शोधून द्यावी लागते. मग रोज थोडा थोडा सराव: टीव्हीवरचं तोंड, देवघरातला गणपती, चहाच्या पुड्यावरचं अक्षर. आठवडे जातात. आणि काही जणांत डोळ्यांचे स्नायू हळूहळू हा नवा पत्ता इतका पाठ करतात की ‘समोर बघ’ म्हटल्यावर डोळा आपोआप तिरका होतो आणि त्या माणसाला मात्र आपण सरळच बघतोय असं वाटतं. सत्तर वर्षं ज्या मध्यावर सगळं जग टांगलेलं होतं, तो खिळा उपटून दुसरीकडे ठोकला जातो.

अर्थात नवी जागा जुन्यासारखी तल्लख नसते. तिथं पेशी विरळ, म्हणून अक्षर मोठं लागतं. भिंग लागतं ते त्यासाठी. लोकांना वाटतं, भिंग म्हणजे मोठा नंबर. तसं नाही. जाड पोताच्या कापडावर बारीक भरतकाम करता येत नाही म्हणून नक्षी मोठी काढायची, तसं ते आहे.

ब्रिटनमध्ये माणसाला अशा खोलीपर्यंत पोचवण्याच्या कामासाठी डोळ्यांच्या अनेक रुग्णालयांनी वेगळं माणूसच नेमलेलं आहे. नाव लांबलचक, ‘आय क्लिनिक लायझन ऑफिसर’; आद्याक्षरं जोडून सगळे ‘एक्लो’ म्हणतात. १८०५ पासून चालत आलेल्या लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातही हे लोक असतात. एक्लो डॉक्टर नसतो. तो डोळ्यात बघत नाही, माणसाकडे बघतो. घरात जिना आहे का? एकटे राहता का? नोकरीच्या ठिकाणी सांगितलंत का? गोळ्यांची पाकिटं एकमेकांपासून कशी ओळखता? बातमी सांगणारा डॉक्टर आणि पुढचं सगळं आयुष्य यांच्यामध्ये जी दरी असते, तिच्यावर टाकलेली ही एक फळी.

तिथं डॉक्टर एका प्रमाणपत्रावर सही करतात आणि ते स्थानिक कौन्सिलकडे जातं. मग कौन्सिल नोंद करून घ्यायची का असं विचारतं. नोंद करणं सक्तीचं नाही. या नोंदीत दोन वर्ग आहेत, दृष्टी बाधित आणि तीव्र बाधित. पूर्वी दुसऱ्याला सरळ ‘अंध’ म्हणत आणि त्या शब्दाला घाबरून कितीतरी जण कागदच नाकारायचे. एक्लोचं अर्धं काम तो शब्द सोडवून सांगण्याचं असतं: नोंद झालेल्यांपैकी बहुतेकांना थोडंफार दिसतच असतं, मिट्ट काळोख फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आणि हो, तीव्र बाधित म्हणून नोंद असेल तर टीव्हीच्या लायसन्सची फी निम्मी होते. ब्रिटिशांचा हा हिशेब मला फार आवडतो: ऐकू पूर्ण येतं, दिसत कमी, म्हणून पैसे अर्धे.

नजर गेलेल्याला पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करायचं हे काम सुरू कुठून झालं, ते शोधत गेलं की रुग्णालयातल्या एका खाटेपाशी पोचतो. आर्थर पिअरसन हे लंडनचे वृत्तपत्रमालक. ‘डेली एक्सप्रेस’ त्यांनीच १९०० साली काढलं. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातून डोळे गमावलेले जवान लंडनच्या रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा पिअरसन त्यांच्या उशाशी जाऊन बसायचे आणि हातात एक घड्याळ ठेवायचे. काच उघडून काट्यांना बोट लावता येईल असं, अंकांच्या जागी उठावाचे ठिपके असलेलं. विशीतला पोरगा, डोळ्यांवर पट्ट्या, दिवस की रात्र हे दुसऱ्याला विचारावं लागतंय. आणि अर्ध्या मिनिटात तो स्वतःच सांगतो, सव्वाचार. भाषण नाही, धीराचे शब्द नाहीत. कुणाच्या मदतीशिवाय करता येणारी पहिली गोष्ट, एवढंच. त्याच वर्षी पिअरसननी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सेंट डन्स्टन्स नावाची प्रशिक्षणाची जागा उभी केली.

तिथं शिकून गेलेल्यांत न्यूझीलंडचा एक तरुण होता, क्लुथा मॅकेंझी. गॅलिपोलीच्या लढाईत दोन्ही डोळे गेलेला. हाच माणूस पुढे दुसऱ्या महायुद्धात भारतात आला आणि अंध झालेल्या भारतीय जवानांसाठी १९४३ मध्ये त्यानं डेहराडूनला तसंच केंद्र चालवलं. युद्ध संपल्यावर सरकारनं ते हाती घेतलं, प्रौढ अंधांचं प्रशिक्षण तिथं सुरू झालं, आणि आज दृष्टिबाधितांसाठीची आपली राष्ट्रीय संस्था डेहराडूनलाच आहे ती त्या मुळावर. सगळ्या भारतीय भाषांना मिळून जी एक ब्रेल आहे, ती भारती ब्रेल १९५१ ची. आपला ‘क’ आणि तमिळचा ‘க’ ठिपक्यांत एकच आहेत. भाषावार प्रांतरचनेच्या आधी बोटांची एकलिपी राज्यघटना तयार होती म्हणायची.

दुसरी खाट अमेरिकेतली. पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात १९४४ च्या सुमारास रिचर्ड हूव्हर नावाचा सार्जंट अंध जवानांना चालायला शिकवत होता. तोवर काठी म्हणजे आधाराला धरायची वस्तू. हूव्हरनं ती छातीच्या हाडापर्यंत लांब केली, वजनाला हलकी केली आणि तिला एक ताल दिला. डावं पाऊल पुढे पडतं तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकतं. उजवं पडतं तेव्हा डावीकडे. आपल्याला हे उलटं वाटतं. जरा चालून बघा म्हणजे उमजेल: टोक टेकतं ती जागा पुढच्या पावलाची असते. म्हणजे प्रत्येक पाऊल पडण्याआधी तिथली जमीन तपासून झालेली असते, खड्डा असो की पायरी. पुण्यात लक्ष्मी रोडच्या फुटपाथवर पांढरी काठी डावी-उजवी झुलवत एखादा विद्यार्थी झपझप जातो, तेव्हा तो पुढचा मीटरभर रस्ता वाचत चाललेला असतो. वाटेतली दुचाकी हा त्याच्या वाक्यात आपण घातलेला अडथळा. हूव्हर पुढे स्वतः डोळ्यांचा डॉक्टर झाला.

मावशीच्या खोलीकडे परत येतो, कारण सगळ्यात अचाट गोष्ट अजून राहिली आहे.

भिंग, पट्टी वगैरे झाल्यावर त्या बाईनं सहज, वही चाळत विचारलं, ‘आजी, नसलेल्या गोष्टी दिसतात का कधी? माणसं, फुलं, नक्षी?’

मावशी गप्प. बराच वेळ. मग हळूच म्हणाली, ‘गॅलरीत लहान मुलं उभी असतात. टोप्या घातलेली. बोलत नाहीत.’

मी उडालोच. बाईनं वर न बघता विचारलं, ‘किती मुलं?’

‘कधी तीन, कधी पाच.’

दोन महिने ती हे पोटात ठेवून होती. आधी वाटलं वरचं बोलावणं आलं. मग वाटलं डोकं फिरलं. सांगितलं तर कुणी अंगारा लावेल, नाहीतर मनोरुग्णालयात नेतील, म्हणून मुलांकडे पाठ करून बसायची. आणि इथं एक अनोळखी बाई त्यांची संख्या विचारत होती, पाहुणे किती येणार असं विचारावं तशी.

या मुलांना अडीचशे वर्षांहून जुना कागद आहे. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने या निसर्गशास्त्रज्ञाचे आजोबा, शार्ल लुलँ, नव्वदीला टेकलेले, डोळे अधू पण बुद्धी खणखणीत. त्यांना रुमाल दिसायचा, निळा, कोपऱ्यांत पिवळी वर्तुळं. झगे घातलेले तरुण दिसायचे, केसांचे डोलारे बांधलेल्या स्त्रिया दिसायच्या. हे खरं नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक असायचं. बॉनेनं १७६० च्या आपल्या ग्रंथात ते नोंदवलं. विसाव्या शतकात या अवस्थेला त्याचंच नाव मिळालं, शार्ल बॉने सिंड्रोम. म्हातारपणी बॉनेची स्वतःची नजर गेली आणि त्यालाही अशी दृश्यं दिसू लागली.

कारण साधं आहे आणि म्हणूनच विलक्षण. डोळ्याकडून माल येणं थांबलं म्हणून मेंदूचा कारखाना बंद पडत नाही; तो गोदामातलं उचलून माल काढत राहतो. १९९८ साली लंडनमधल्या संशोधकांनी अशा लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून पाहिलं. रंग दिसले की मेंदूतला रंगांचा भाग जागा झालेला, चेहरा दिसला की चेहऱ्यांचा. म्हणजे आपण नुसतं आठवतो किंवा कल्पना करतो तसं हे नाही. मेंदूपुरतं बोलायचं तर ते खरोखर दिसणंच आहे, फक्त समोर कुणी नाही. ही चित्रं मुकी असतात, आवाज नाही, वास नाही. ओळखीची खूण तीच. दिवा लावला, उठून उभं राहिलं, डोळे जलद डावीकडे-उजवीकडे फिरवले किंवा हात पुढे केला की बऱ्याचदा ती विरतात. अनेकांच्या बाबतीत वर्षा-दीड वर्षात कमी होतात, काहींची राहतात. दुसऱ्या आजारांतही भास होतात, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. पण नजर अधू होणं हे कारण डॉक्टरांनाही दर वेळी सुचतंच असं नाही. ब्रिटनमध्ये ज्युडिथ पॉट्स यांनी २०१५ मध्ये एवढ्या एकाच गोष्टीसाठी संस्था काढली. आईचं नाव एस्मे, म्हणून ‘एस्मेज अम्ब्रेला’: लेकीनं आईच्या नावावर धरलेली छत्री.

‘ती मुलं आली की हात पुढे करा,’ बाई मावशीला म्हणाली. मावशीनं घरी जाऊन केला. मुलं गेली. आता येतात तेव्हा ती म्हणते, ‘आले बघ मेले,’ आणि चहा पीत राहते.

चहावरून आठवलं. त्या ट्रेमध्ये एक छोटी डबी होती, कपाच्या कडेला अडकवायची. चहा तिच्या तारांना टेकला की ती पीं करते. बोट बुडवून बघायला नको. पांढरा कप काळा चहा ओतायला, गडद कप दुधाला, एवढ्या फरकानंही हात भाजायचा वाचतो. काळ्या पुठ्ठ्याला आडवी खाच पाडलेली पट्टी बँकेच्या कागदावर ठेवली की सही ओळीत येते. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच तिरप्या उठावाच्या रेघा असतात, शंभरच्या नोटेला चार. दोनशेच्या चार रेघांमध्ये दोन गोल. मी चाळीस वर्षं नोटा मोजतोय, मला हे ठाऊक नव्हतं.

आणि थाळी. जगभर अंध माणसाला ताट घड्याळावरून समजावतात: भात सहाला, भाजी दोनला. बाईनं मावशीला तेच सांगायला सुरुवात केली, तर मावशी हसायला लागली. ‘अगं, मीठ वर मध्ये, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. भाजी-आमटी उजवीकडे, भात आपल्या पुढ्यात. डोळे मिटून वाढलंय मी सगळ्यांना.’ आपल्या पंगतीतल्या पानाला डावी-उजवी असते, ती चुकली की जुन्या बायका रागावायच्या. मला तो आजवर सोवळ्याचा काच वाटत आला होता. कंदिलाच्या उजेडात, मिणमिणत्या पणतीपाशी, मोतीबिंदू पिकलेल्या आजोबांना पानात काय कुठं आहे ते न विचारता कळायचं, हा त्याचा गुण माझ्या ध्यानातच आला नव्हता. मांडणी त्यासाठी झाली असं मी म्हणत नाही. पण ती त्या कामाला येते, आणि मावशीच्या सुनेनं त्या दिवसापासून डाव्या बाजूची चटणी उजवीकडे कधी नेली नाही.

आपल्याकडे कागदाची बाजू बरीच सोपी झाली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अल्पदृष्टी ही अंधत्वापेक्षा वेगळी बाधा मानली. चांगल्या डोळ्यानं, चष्मा लावूनही, ६/१८ पेक्षा कमी दिसत असेल तर ती अल्पदृष्टी. ३/६० च्या खाली गेलं, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते अक्षर तीन मीटरवर येऊनही वाचता येईना, की कायद्याच्या लेखी अंधत्व. नुसत्या अक्षरांचाच नाही, नजरेच्या घेराचाही विचार होतो. काचबिंदूत मधलं लख्ख आणि कडेचं सगळं गेलेलं असू शकतं. चाळीस टक्के बाधा ठरली की प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र, त्यावर एसटीची सवलत. हे जिल्हा रुग्णालयातून मिळतं. मोठ्या नेत्र रुग्णालयांत ‘लो व्हिजन’ विभागही असतो, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत दृष्टी पुनर्वसनाला वेगळं स्थान आहे, आणि पुण्यातलं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय तर अंध व्यक्तींच्याच संघटनेनं, पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशननं उभं केलेलं आहे. उणीव आहे ती डॉक्टरांच्या दारापासून त्या खोलीपर्यंतचा पॅसेज चालवत नेणाऱ्या माणसाची. त्याला ना मशिन लागतं ना ऑपरेशन थिएटर. एक खुर्ची पुरते, पण ती डॉक्टरांच्या दाराबाहेर, पाच पावलांवर हवी.

तुमच्या घरात कुणाला ‘आता करण्यासारखं काही नाही’ असं सांगितलं गेलं असेल, तर फाइल पिशवीत घालण्याआधी तिथल्याच खिडकीवर विचारा, लो व्हिजनचा विभाग कुठे आहे. इथं नसला तर कोणत्या गावाला आहे. आणि घरी आल्यावर, दुसरं कुणी नसताना, नसलेली माणसं दिसतात का तेही विचारा. हो म्हणाले, तर किती दिसतात ते विचारा.